वडिलोपार्जित बंदूक

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गेल्या वर्षी याच व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवर फार सुंदर प्रवचन ऐकले. त्यापूर्वी मधुमेहावर डॉक्टरसाहेब बोलले. या वर्षी चिटणीसांनी माझे नाव घातले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी डिप्लोमावाला माणूस. जबलपूरच्या डेपोत डब्यांची चाके, ॲक्सल, ब्रेक एवढेच माझे जग. मी काय बोलणार?" ते म्हणाले, "तुमच्या घरच्या बंदुकीचे सांगा." त्यांना ती हकिकत ठाऊक होती. आपल्यापैकी काहींनाही असेल. पण तिची खरी बाजू मी चारचौघांत कधी सांगितलेली नाही, ती आज सांगतो.

आमचे मूळ घर करेलीजवळच्या एका खेड्यात. पणजोबा तिकडे स्थायिक झाले, आजोबांकडे लहानशी मालगुजारी होती, ती 1951 साली गेली. मागे राहिली थोडी शेती, एक वाडा आणि तीन बंदुका. म्हणजे आजोबांच्या दोन, तिसरी बाबांनी घेतलेली. बुंदेलखंड आणि नर्मदेच्या पट्ट्यात ज्या मराठी घरांची चार पिढ्यांची वस्ती आहे, त्यांतल्या अनेकांच्या कपाटात अशी एखादी वस्तू असते. नातवाला ती दाखवतात, दसऱ्याला पुसतात आणि वर्षभर विसरतात.

पहिली होती ठासणीची. इथले लोक तिला 'भरमार' म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर कापडाचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजाने ठासायचे. मागे निपलवर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो आणि ठिणगी आत जाते. ही कुणा गावठी लोहाराने केलेली असावी, कारण तिच्यावर नाव नाही, नंबर नाही.

दुसरी दुनळी, बारा बोअरची, बर्मिंगहॅमला बनलेली. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर मात्र कलकत्त्याच्या एका दुकानाचे नाव कोरलेले. त्या काळी तशी पद्धतच होती, माल विलायती आणि नाव इथल्या विक्रेत्याचे. कलकत्त्याच्या अशा दुकानांपैकी रॉडा कंपनीचे नाव इतिहासात वेगळ्याच कारणाने गेले. 1914 च्या ऑगस्टमध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी तिच्या मालातून 50 माउझर पिस्तुले आणि 46,000 काडतुसे पळवली. आमची दुनळी त्यानंतरची, 1930 च्या आसपासची. तिसरी .315 बोअरची रायफल, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. ती बाबांनी 1979 साली स्वतःच्या पैशाने घेतली.

आता बारा बोअर म्हणजे काय, हे मुलांना सांगतो, कारण मला स्वतःला ते वयाच्या तिसाव्या वर्षी कळले. एक पौंड शिसे घ्या, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअर. हिशोब केला तर व्यास साडेअठरा मिलिमीटर येतो. म्हणजे वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक. आमच्या रेल्वेत गेज म्हणजे सरळ रुळांमधले अंतर, 1676 मिलिमीटर. इथे आकडा वाढला की भोक लहान होते! पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझा विश्वासच बसेना.

बाबांच्या परवान्यावर या तिन्ही चढवलेल्या होत्या. इंग्रजांनी लॉर्ड लिटनच्या काळात, 1878 साली, हत्यारांचा कायदा केला. हिंदुस्थानी माणसाला परवाना हवा आणि गोऱ्या साहेबाला सूट. त्यामुळे ज्याला परवाना मिळे त्याचा गावात मान वाढे. स्वतंत्र भारताचा कायदा 1959 चा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. नंतर 1980 च्या दशकात खाजगी आयातही बंद झाली. म्हणूनच पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स अशा विलायती नावांची हत्यारे आज संस्थानिकांच्या आणि हौशी संग्राहकांच्या घरी जिवापाड जपली जातात. तशी नवी सहज येत नाही, मग आहे तीच वडिलांकडून मुलाकडे जाते. आमचे हत्यार त्या तोलामोलाचे नव्हते, पण आमच्या घरात त्याचा तोरा संस्थानिकाचाच होता.

खंडेनवमीला बाबा तिन्ही बंदुका पाटावर ठेवीत. हळद-कुंकू, झेंडूची फुले, पुढे निरांजन. आम्ही, म्हणजे मी आणि ताई, समोर बसायचो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आदल्या दिवशी बंदुका पुसायला बाबांबरोबर तीच बसायची. मला तेलाच्या वासाने मळमळे, मी अंगणात पळायचो. शाळेत ती एनसीसीत होती, पॉइंट टूटूची रायफल तिने चालवली होती. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पूजा झाली की भरमार पुन्हा ओसरीच्या भिंतीवर खुंटीला. ती कोणी चालवलेली बाबांनी जन्मात पाहिली नव्हती, त्यामुळे तिला कुलपात ठेवावे असे कोणाच्या मनातही येत नसे. तिच्या बरोबर खाली आमची झोपाळ्याची जागा.

अशी वर्षे गेली. डिसेंबर 2019 मध्ये कायदा बदलला. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारे ठेवता येत. विधेयक आले तेव्हा तीनवरून एकदम एकावर आणायचे होते. त्यावर बरीच नाराजी झाली. राजपूत घराण्यांनी वडिलोपार्जित शस्त्रांचा मुद्दा मांडला, नेमबाजांनी खेळाचा. शेवटी आकडा दोनवर ठरला. वारशाने आलेल्या हत्यारांनाही तीच मर्यादा. तिसरे असेल तर 13 डिसेंबर 2020 पर्यंत ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचे. त्याच कायद्याने लग्नावरातीत आनंदाने बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, हे फार बरे केले. आपल्या या भागात 'हर्ष फायरिंग'ने किती मांडव सुतकात गेले, ते मी सांगायला नको. आमच्या एका मामांनी माझ्या मावसबहिणीच्या लग्नात दुनळी मागितली होती. बाबांनी साफ नकार दिला, आणि मामा तीन वर्षे आमच्या घरी जेवले नाहीत.

तर, 2020 चा ऑक्टोबर. टाळेबंदी सैल झालेली, मी दसऱ्याला गावी गेलो. बाबा तेव्हा 76 वर्षांचे. मी म्हटले, "बाबा, यात विचार कसला करायचा? भरमार देऊन टाका. तिचा उपयोग शून्य. मोडीत घातली तर दोन किलो लोखंड."

बाबा काही बोलले नाहीत. मला वाटले, आपण आपला मुद्दा पुराव्याने मांडावा. इंजिनियरची खोड! म्हटले, नळी आतून किती गंजली आहे ते बघू. भिंतीवरून उतरवली, तिचाच गज काढला आणि नळीत सोडला. टोक लागले तिथे तोंडाशी खडूची खूण केली. गज बाहेर काढून नळीच्या शेजारी बाहेरून धरला. टोक निपलपर्यंत पोहोचायला हवे होते. ते साडेआठ सेंटिमीटर अलीकडेच थांबले.

आमच्याकडे चाकाचे माप गेजमध्ये बसले नाही की दुसऱ्यांदा घेतात. मी दुसऱ्यांदा घेतले, तिसऱ्यांदा घेतले. साडेआठच. माती असेल, मधमाशीने घर केले असेल, असे मनाला सांगून पाहिले. बाबांकडे पाहिले तर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. ते एवढेच म्हणाले, "निरांजन उचल आधी."

जिल्ह्याच्या ठिकाणी बंदुकांचे एक जुने परवानाधारक दुकान आहे, तिथल्या मिस्त्रींना फोन लावला. वय झालेले गृहस्थ, मूळचे मुंगेरचे. त्यांनी सांगितले, घरातल्या सगळ्यांना मागच्या अंगणात पाठवा, दिवा-उदबत्ती विझवा, नळीचे तोंड कोणाकडे येणार नाही असे धरून आत पाणी भरा आणि रात्रभर तशीच उभी ठेवा, मग परवान्यासकट घेऊन या. (माझे ऐकून कोणी घरी असले उपद्व्याप करू नयेत, आधी जाणकाराला विचारावे.) दुसऱ्या दिवशी त्यांनी गजाच्या टोकाला स्क्रूसारखा पेच लावला, आत फिरवला आणि हलकेच ओढला. पहिला बोळा बाहेर आला. मिस्त्री म्हणाले, "साहब, ये तो भरी है." मग छर्रे, त्यात दोन खिळ्यांची डोकी, दुसरा बोळा, आणि शेवटी काळा चिखल. तो त्यांनी वर्तमानपत्रावर काढून थोडासा उन्हात वाळवला आणि काडी लावली. फुर्रकन पेटला!

काळी दारू कोरडी राहिली तर तिला वय नसते, हे मला त्या दिवशी कळले. म्हणजे निदान सत्तर वर्षे भरलेली बंदूक आमच्या ओसरीवर लटकत होती. आम्ही तिच्याखाली झोपाळ्यावर गाणी म्हटली, दर खंडेनवमीला तिच्या निपलपासून हातभरावर निरांजन लावले. टोपी बसवलेली नव्हती एवढाच काय तो फरक. कोणी भरली, कशासाठी, कोणाच्या भीतीने, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. आईने तो बोळ्याचा तुकडा धुऊन उजेडात धरला आणि म्हणाली, "लुगड्याचा आहे रे. किनार बघ."

मिस्त्रींशी मग ओळख वाढली. मुंगेरचा माणूस म्हटल्यावर मला आपलेपणा वाटला, कारण तिथून जवळच आमचे जमालपूर. नवाब मीर कासिमने 1760 च्या दशकात मुर्शिदाबादहून राजधानी मुंगेरला हलवली आणि त्याचा आर्मेनियन सेनापती गुर्गिन खान याने तिथे बंदुका-तोफांचे काम उभे केले. ते कसब लोहारांच्या हातात राहिले. पुढे 1862 साली जमालपूरला रेल्वेचा कारखाना निघाला. जवळच असे हुशार कारागीर होते म्हणून ती जागा निवडली, असे सांगतात. आज मुंगेर म्हटले की लोकांना बेकायदा कट्टेच आठवतात. पण परवाना घेऊन उत्तम काम करणारी घराणीही तिथलीच.

बाबांनी दुनळीही त्यांच्यासमोर ठेवली. मिस्त्रींनी नळ्या सुट्या केल्या, बुडाच्या आकड्यात बोट अडकवून हवेत लटकवल्या आणि दुसऱ्या हाताने लाकडी मुठीने हळूच ठोकले. घंटेसारखा स्वच्छ, लांब नाद आला. मी थक्क झालो, कारण ही तर आमच्या खात्याची विद्या! पूर्वी गाडी स्टेशनात आली की एक्झामिनर लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाके ठोकत जायचा. चांगले चाक वाजते, तडा गेलेले बद्द बोलते. नळ्यांचेही तेच, मधल्या पट्टीचे डाग सुटले असतील तर आवाज बसतो.

नळ्यांच्या बुडाशी बारीक ठसे असतात. बर्मिंगहॅमचे चाचणीघर 1813 पासूनचे. जास्त दारूचा बार काढून टिकलेल्या नळीवरच तिथे शिक्का बसतो. आमच्यावर मुकुटाखाली 'एनपी' होते, म्हणजे आधुनिक बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. त्याच्याही आधीच्या बऱ्याच नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या असतात. त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, तिला दमास्कस म्हणतात. दिसायला अप्रतिम. संग्राहक तिच्यासाठी वेडे होतात. पण त्यातल्या बहुतेक काळ्या दारूसाठी केलेल्या. तशी घरी असेल तर डोळ्यांनी पाहावी, तपासल्याशिवाय तिच्यात आजचे काडतूस मुळीच घालू नये.

आणि दुसरी गोष्ट, जी आमच्या दुनळीत होती. तिच्या काडतुसाचा खण अडीच इंचांचा, म्हणजे साधारण 65 मिलिमीटरचा. आजची काडतुसे बहुधा 70 ची असतात. आता गंमत पाहा, 70 चे काडतूस त्या खणात अगदी आरामात बसते! कारण 70 हे माप तोंड उघडल्यानंतरचे, आणि न उडालेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असते. बंदूक बंद होते, कुठे अडत नाही. बार निघताना ते तोंड उघडते, पण तिथे नळी अरुंद होत आलेली असते. वाट चोंदते आणि दाब वाढतो. बाबांच्या डब्यात अशीच 70 ची दहा काडतुसे होती, दुकानातून रीतसर आणलेली. माप बसले म्हणजे जुळले असे नाही, हे आम्ही डेपोत नव्या पोरांना रोज सांगतो. घरी मात्र कधी पाहिले नव्हते.

एवढे सगळे झाल्यावर मी समजलो, आता तरी भरमार जाणार. घरी आलो. बाबांनी रायफल काढली, कापडाने पुसली आणि म्हणाले, "ही जमा करायची."

मी चक्रावलो. तिन्हींत तीच चांगली, तीच नवी, तीच महाग. मी तसे बोललोही.

ते म्हणाले, "ही माझी आहे. माझी वस्तू द्यायला मला कोणाला विचारावे लागत नाही. त्या दोन माझ्या नाहीत, माझ्याकडे आहेत." नोव्हेंबरात आम्ही ती जमा केली. पावती घेताना त्यांनी सही दोनदा केली, पहिली कापऱ्या हाताने चुकली म्हणून.

कर्नाटकात कोडगू जिल्हा आहे. तिथल्या कोडवा लोकांना आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजी अमदानीपासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. ती 2019 साली पुढील दहा वर्षांसाठी वाढवली. 'कैलपोळ्द' नावाच्या सणाला ते बंदुकीला फुले वाहतात, अगदी आपल्या खंडेनवमीसारखे. मी हे वाचले तेव्हा बाबांना दाखवले होते. ते म्हणाले, "त्यांना कागद लागत नाही, आपल्याला लागतो. एवढाच फरक."

कागदाचेच पुढे झाले. जानेवारी 2022 मध्ये बाबा गेले. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, ते जमा करावे लागते. दिवस उरकल्यावर मी ती दोन्ही जमा केली आणि वारस म्हणून अर्ज भरायला बसलो. 2016 च्या नियमांत तशी सोय आहे. खरे तर परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, की हयातीतच वारसाचे नाव सुचवता येते. आम्ही ते केले नाही. वडिलांसमोर असला विषय काढायचा कसा, म्हणून मी गप्प बसलो. ते का गप्प बसले, ते पुढे कळले.

अर्जासोबत इतर वारसांचे ना-हरकत लागते. आईने दिले. ताईकडे मी कागद घेऊन गेलो. बाबांनंतर शेती तीच बघते, भाऊजींची नोकरी जवळच आहे. मी कागद पुढे केला, पेन दिले, खूण केलेली जागा दाखवली.

ताईने कागद वाचला, पूर्ण वाचला, आणि घडी करून माझ्या हातात परत दिला. "मी हरकत नाही असे का लिहून देऊ? मला हरकत आहे."

खरे सांगतो, मला राग आला. मनात आले, हिला कशाला हवी? हे मनात आले याची आज लाज वाटते, पण आले. मी म्हटले, "ताई, घरातला मुलगा म्हणून..." तिने पुढचे बोलूच दिले नाही.

"तू नळी कधी पुसलीस का रे? वासाने ओकायचास. तीस वर्षे मी माहेरी आले की बाबा आधी ती काढायचे. रायफल जमा करून आल्यावर रात्री त्यांनी मला फोन केला होता, तुला नाही. म्हणाले, पुढे तुम्ही दोघे ठरवा, मी ठरवले तर एकाला वाईट वाटेल."

मला याची काहीच कल्पना नव्हती. मी कागद खिशात घातला आणि रात्रीच्या पॅसेंजरने परतलो. नरसिंहपूर ते जबलपूर दीड-दोन तासांचा प्रवास, मी खिडकीशी बसून होतो. कायद्यात 'वारस' लिहिले आहे, 'मुलगा' लिहिलेले नाही. तो शब्द मी माझ्याच मनाने घातला होता.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. या वेळी दोन अर्ज नेले. दुनळी ताईच्या नावे, भरमार माझ्या. तिच्या अर्जावर माझे ना-हरकत, माझ्यावर तिचे. पोलीस तपास, वैद्यकीय दाखला, चकरा, सगळे यथासांग झाले. कचेरीतल्या एका बाबूंनी ताईला विचारले, "मॅडम, चलाएगा कौन?" ती म्हणाली, "जो साफ करता है." एकंदर चौदा महिने लागले.

ताईने 70 ची काडतुसे दुकानात परत दिली. दुनळी तिच्याकडे कुलपात असते. रानडुकरे उसात शिरतात तेव्हा तीही सगळ्यांसारखे फटाकेच लावते, बंदूक काढत नाही. भरमार माझ्या क्वार्टरमध्ये लोखंडी कपाटात आहे. ते खिळे, छर्रे आणि लुगड्याची किनार आईने एका काचेच्या बरणीत ठेवली आहे, ती बरणी मात्र ताईने नेली.

खंडेनवमीला मी भरमार पाटावर ठेवतो. आधी गज आत सोडतो, बाहेर धरतो, टोक निपलपाशी आले का पाहतो. माझी मुलगी आठवीत आहे, गेल्या वर्षीपासून ते माप तीच घेते. वहीत तारीख घालून लिहून ठेवते. मग निरांजन.

आरतीची वेळ झाली आहे, चिटणीस केव्हाचे घड्याळ दाखवत आहेत.

गणपती बाप्पा मोरया!